नाकातली वाळी

“मले बी!” चंदर म्हणाला आणि त्याने आपला डावा कान सोनारापुढे केला.

अंगणात त्या वेळी गोवर्धन आजीच्या मांडीवर बसून सगळा मळा डोक्यावर घेत होता. एक कान टोचून झाला होता, दुसरा सोनाराच्या चिमटीत होता, आणि पार्बताबाई नातवाच्या तोंडात गुळाचे खडे कोंबत होती. पोरगं इतकं दणकट, की त्याचे पाय धरायला त्याची आई जयवंता आणि बाप देवीदास असे दोघे लागले होते. चंदरला कोणी धरलं नव्हतं. तो आपण होऊन आला होता, आणि त्याचे ओठ नेहमीसारखे जांभळे होते.

“तुले नाई राजा,” पार्बताबाई म्हणाली. “तुले डागदरनं नाई सांगतलं.”

“काहून?”

“तू आमचा किसनदेव हायेस ना? देवाले कोनी टोचते काय?”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वच्छलाने हे ऐकलं. चंदर तिचा मुलगा. देव म्हणे! देवाच्या कानांत कुंडलं असतात हे म्हातारीला ठाऊक नव्हतं की काय? पण सासूला उलट उत्तर देण्याची सोय नव्हती. तिने हातातला तांब्या खाली आपटला, एवढंच. जयवंताने दचकून तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. ही नजर खाली करण्याची रीतच वच्छलाला सगळ्यात जास्त झोंबत असे.

घरात सोनं आलं ते त्या वर्षीच. सातासमुद्रापलीकडे गोरे लोक आपसांत लढत होते आणि त्यांच्या लढाईपायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या कोटाबाहेरच्या माळ्यांनी वांगी उपटली, मेथीचे वाफे मोडले आणि पार विहिरीच्या थारोळ्यापर्यंत कपाशी लावली. पार्बताबाईने अडून बसून झेंडूचे दोन वाफे तेवढे राखले. पहिल्या वेचणीचा कापूस अकोल्याला विकून दोन्ही भाऊ, थोरला म्हणजे वच्छलाचा नवरा पुंजाराम आणि धाकटा देवीदास, परत आले ते सोनं घेऊनच. त्यातून गोवर्धनच्या बाळ्या झाल्या. पाच वर्षं राहून गेलेलं कान टोचणं झालं.

आणि चंदरचे कान तसेच राहिले.

दोन्ही पोरं आठ दिवसांच्या अंतराने जन्मलेली. चंदर आधी. वच्छलाची आधीची दोन लेकरं सटवाईच्या पूजेपर्यंतही टिकली नव्हती, त्यामुळे हा तिसरा रडला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. ते आठ दिवस ती या घराच्या एकुलत्या एका नातवाची आई होती. मग जयवंता बाळंत झाली. गोवर्धन गोरागोमटा, मुठी आवळून भोकाड पसरणारा. आणि त्याच्या शेजारी ठेवल्यावर पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं की थोरलीचं पोर निळं आहे. रडलं की ओठ काळेजांभळे होत, नखं जांभळी पडत. वच्छलाला कायम वाटत आलं, की गोवर्धन जन्मला नसता तर चंदर निळा आहे हे कोणाला कळलंच नसतं.

दूधही तिचं लवकर आटलं. चंदरला ओढून पिण्याचा दम नसे. दोन घोट घेई आणि घामाघूम होऊन सोडून देई. जयवंताच्या अंगावर मात्र दूध मावत नव्हतं. ती एका मांडीवर गोवर्धनला घेई आणि दुसऱ्या मांडीवर चंदरला, आणि चंदर दमला की थांबे, पुन्हा पाजी, पुन्हा थांबे. सगळी आळी म्हणे, काय गुणाची धाकटी आहे! वच्छला चुलीपुढे बसून ते ऐके. आपलं लेकरू आपल्यासमोर दुसरीच्या पदराखाली आहे आणि आपण तिचे उपकार मानायचे आहेत, यासारखं दुःख नाही असं तिला वाटे. पुढे चंदरला बोलता येऊ लागलं तेव्हा पडल्या-झडल्यावर तो आधी “काकी” म्हणून रडे.

चालायला लागल्यावर त्याची एक वेगळीच तऱ्हा झाली. दहा पावलं पळाला की मध्येच गुडघे पोटाशी घेऊन उकिडवा बसे. तसं बसलं की त्याचा दम परत येई, ओठांचा रंग जरा उतरे. मग तो उठून म्हणे, “चाल.” फाटकापासून घरापर्यंत येताना विहिरीपाशी तो हमखास बसायचा. आणि गोवर्धन, ज्याला गावभर धावूनही दम लागत नव्हता, तोही विहिरीपाशी थांबून त्याच्या शेजारी तसाच उकिडवा बसायचा. “चाल” म्हटलं की उठायचा.

“चिडवतो काय रे माह्या पोराले?” वच्छला एकदा ओरडली होती. गोवर्धन नुसता बघत राहिला. जयवंताने त्याला ओढून नेलं. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच बसला, आणि वच्छलाने मनाशी पक्कं केलं की आई तसा लेक. गोड बोलून हिणवायची यांची जातच आहे.

अकोल्याचं प्रकरण त्याच हंगामातलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मुंबईला शिकून आलेला डॉक्टर आहे, कानाला नळी लावून काळीज ऐकतो, असं कळलं होतं. कापसाच्या गाड्या जाणारच होत्या, तेव्हा चंदरला दाखवून आणायचं ठरलं. गाड्या भरल्या, बैल जुंपले आणि त्याच पहाटे वच्छलाला कावळा शिवला. गाडीत बसणं तर सोडाच, लेकराला हात लावायची सोय राहिली नाही. भाव आज आहे तो चार दिवसांनी राहील याचा भरवसा नव्हता. पुंजाराम थांबेना. शेवटी जयवंता गोवर्धनला सासूकडे सोडून चंदरला मांडीवर घेऊन गाडीत बसली. लिंबाखाली वेगळी बसलेली वच्छला गाडीच्या धुळीकडे बघत राहिली. चंदरने काकीच्या गळ्यात हात टाकले होते.

अकोल्यात दोघे भाऊ कापसाच्या बाजारात अडकले आणि दवाखान्यात एकटी जयवंता गेली. डॉक्टरने जे सांगितलं ते तिने परतीचे चार दिवस गाडीत बसून पुटपुटत पाठ केलं, एक शब्द विसरू नये म्हणून. घरी आल्यावर पाय न धुताच तिने ते सासूपुढे आणि वच्छलापुढे म्हणून दाखवलं.

“डागदर म्हने, याच्या काळजाच्या आतल्या भिंतीले भोक हाये. जलमापासून. चांगलं रगत अन् वाईट रगत एकात एक मिसळते, म्हनून पोरगं निळं. त्याले दवा नाई.”

“मंग काय सांगाले बलावलं त्यानं?” पार्बताबाई म्हणाली.

“ऐका ना, आत्याबाई. म्हने, याले जखम होऊ देऊ नका. सुई नाई, काटा नाई, गोंदन नाई. दात किडू देऊ नका, कान वाहू देऊ नका. दुसऱ्या लेकराले गळू झालं तर त्याचं इख छातीत गाळून निंघते. याचं गाळनं चुकवून सरळ डोक्यात चढते. मुंबईले त्यानं पायलं म्हने असं एक लेकरू. कान फुटला होता नुसता. डोक्यात पू झाला अन् गेलं.”

हे सांगताना जयवंता रडत होती. वच्छलाचे डोळे कोरडे होते. ती एकच विचार करत होती: माझ्या लेकराच्या काळजाला भोक आहे हे मला हिच्या तोंडून ऐकावं लागतंय.

आणि आता कानांचं हे असं झालं. गोवर्धन आठ दिवसांत कान दुखणं विसरला आणि बाळ्या झुलवत मळाभर हिंडू लागला. चंदर आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून बसून राही. वच्छलाच्या मनात जे आधी कुसळासारखं टोचत होतं त्याला आता तोंड फुटलं. डॉक्टरचं बोलणं ऐकलं कोणी? जयवंताने. एकटीने. पुंजारामने नाही, देवीदासने नाही. मग तो तसं म्हणालाच कशावरून? ज्या सोन्यात दोन पोरांच्या बाळ्या झाल्या असत्या त्यात एकाच्याच झाल्या, त्याही घसघशीत. बाई किती पोचलेली असेल! आणि रडून दाखवलं ते वेगळंच.

त्यात एक जुनी गोष्ट तिला आठवत राहिली. ज्याची पाठची-पुढची भावंडं जगत नाहीत त्या मुलाचं नाक टोचतात, नथू म्हणून हाक मारतात. मृत्यू आला तरी मुलगी समजून, कवडीमोलाची समजून सोडून जातो. तिच्या माहेरी तिचा मामा असाच जगला होता, साठ वर्षं, नाकात वाळी घालून. हे चंदरच्या बारशालाच करायला हवं होतं. केलं नाही, कारण तेव्हा सोनं नव्हतं. आता होतं, तिच्या गळ्यातल्या डोरल्याला नवे चार मणी आले होते.

माघात पार्बताबाई नातवाचा नवस फेडायला शेजाऱ्यांच्या गाडीने रिद्धपूरला पंधरा-वीस दिवस राहायला गेली. दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन दोघे भाऊ अकोल्याला गेले आणि भावासाठी तिथेच अडकून राहिले. घरात दोघी जावा आणि दोन पोरं. वच्छलाने झेंडूची टोपली डोक्यावर घेतली, चंदरला कडेवर घेतलं आणि “फुलं इकून येतो” म्हणून ती राजापेठेच्या वाटेला लागली.

सोनाराने पोराकडे पाहिलं आणि हात आखडला.

“माय, लेकरू थंडीनं निळं पडलं काय?”

“त्याचा रंगच हाये थो. टोच तू.”

“पार्बताबाईनं तं नाई म्हनलं होतं त्या दिवशी...”

“पोरगं पार्बताबाईचं हाये का माह्यं?” तिने डोरल्यातला एक मणी काढून त्याच्यापुढे ठेवला. “दोन माह्ये मातीत घातले म्यां. हा नथू होऊन जगू दे.”

 सोनाराने तार ओढली. चंदरला धरावं लागलं नाही. तो आईच्या मांडीवर ताठ बसला, डोळे गच्च मिटले, आणि तार आरपार गेली तेव्हा फक्त “माय वो” म्हणाला. काकी नाही, माय. वच्छलाला इतका आनंद झाला की तिने त्याला तिथेच छातीशी घट्ट धरलं. परतताना फाटकापाशी तो खाली उतरला, पळाला, विहिरीपाशी बसला, आणि धावत आलेल्या गोवर्धनला म्हणाला, “पाय! मले बी सोनं!”

जयवंता भाकरी थापत होती. वाळी पाहून तिचे हात पिठातच थांबले.

“बाई, हे काय केलं तुमी?”

“काहून? तुह्या पोराच्या कानात शोभते अन् माह्याच्या नाकात खुपते काय?”

“तसं नाई वो. डागदरनं सांगतलं होतं. म्यां माह्या मनानं नाई बोलली. गोर्धनच्या गळ्याची आन.”

“त्याची आन कायले घेतं? तुह्या गोर्धनले कोन काय करून रायलं? त्याले दम लागत नाई, त्याले रंग चढत नाई, त्याले सगळे मांडीवर घेतात. माह्याच्याच वाट्याले आलं का तुह्यं शानपन?”

 जयवंता पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिली.

चौथ्या दिवशी नाक सुजलं. पाचव्या दिवशी वाळीच्या भोवती पू धरला. वच्छलाने हळद दाबली, कडुनिंबाच्या पाल्याने धुतलं, आणि जयवंता जवळ आली की पोराचं तोंड पदराने झाकलं. सातव्या दिवशी वाळी काढावी लागली. मग मात्र पू वाहून गेला, सूज उतरली, एक बारीक खपली राहिली. चंदर पुन्हा विहिरीपर्यंत पळू लागला. वच्छलाने वाळी धुऊन पदराच्या गाठीत बांधली आणि पाणी भरणाऱ्या जयवंताला ऐकू जाईल असं म्हणाली, “कुठी गेला वो तुहा डागदर?”

जयवंता म्हणाली, “देवानं ऐकलं, बाई.” आणि खरंच हात जोडले. वच्छलाला तेही सोसवलं नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी चंदर सकाळी उठला तो डोकं धरूनच. दुपारी ओकला. ताप फारसा नव्हता, पण उजेड सोसेना म्हणून तोंड भिंतीकडे करून पडून राहिला. गोवर्धनने त्याला मूठभर बोरं आणून दिली. चंदरने डाव्या हातात घेतली आणि ती सगळी गळून पडली. त्याने पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. हात उचलेचना. तो आपल्या हाताकडे परक्याकडे बघावं तसा बघत होता.

“माय, हा हात कोनाचा हाये?” त्याने विचारलं.

वच्छलाने जयवंताकडे पाहिलं. दोघींनाही तेच तीन शब्द ऐकू येत होते. सरळ डोक्यात चढते.

मग झटके आले. दोघींनी मिळून त्याला धरला. एकीने पाय, एकीने डोकं. वैद्य आला, नाडी पाहून खाली बघत परत गेला. पार्बताबाई रिद्धपूरहून आली ती प्रसादाची पुडी हातात घेऊन, आणि ती पुडी सुटलीच नाही. दोघे भाऊ तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले. बैल सोडायच्या आधी चंदर गेला. जांभळा रंग हळूहळू उतरला आणि पोरगं गोरं दिसू लागलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, गोवर्धनसारखं.

मळ्याच्या कडेला पुरून आल्यावर पुंजाराम ओट्यावर बसला.  मग म्हणाला, “त्याच्या नाकाले भोक होतं.”

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

“माती टाकताना म्यां पायलं. नाक कोनी टोचलं?”

तो उठला. खुंटीवरचा बैलांचा चाबूक त्याच्या हातात कधी आला ते त्यालाही कळलं नसावं. तो वच्छलाकडेच चालला होता. घरात तेव्हा दोघीच होत्या आणि पोर कोणाचं होतं ते उघड होतं. वच्छला भिंतीला टेकून बसली होती. चाबूक पडला तर बरं, एवढंच तिच्या मनात होतं.

“बाईले मारू नका. म्यां टोचलं.”

जयवंता मध्ये उभी होती. भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, धाकट्या सुनेने तोंड उघडायचं नसतं. अकोल्याच्या सगळ्या प्रवासात तिने पुंजारामसमोर पदर मागे सारला नव्हता की एक शब्द काढला नव्हता. आता तिचा पदर खांद्यावर होता.

“म्यां नेलं त्याले सोनाराकडे. बाई फुलं इकाले गेल्या होत्या. माह्यी चूक झाली.”

देवीदास उठून उभा राहिला. पार्बताबाईने कपाळावर हात मारून घेतला. पुंजाराम भावजयीवर हात टाकू शकत नव्हता, हे त्या बाईने पुरतं ओळखलं होतं.

आणि वच्छलाला या क्षणी काय वाटावं? सुटल्यासारखं वाटलं नाही. उपकारही वाटले नाहीत.  हिने माझ्या पोराला दूध पाजलं. माझ्या जागी त्याला अकोल्याला नेलं. त्याची पहिली हाक घेतली. आणि आता त्याला मारल्याचं पापसुद्धा ही माझ्याकडून घेऊन चालली! मग माझं म्हणून त्याचं काय उरलं?

“खोटी बोलते थे,” ती उठत म्हणाली. तिने पदराची गाठ सोडली आणि वाळी नवऱ्यापुढे धरली. “माह्यं लेकरू होतं. म्यां टोचलं.”

पुंजारामने वाळीकडे पाहिलं. चाबूक त्याने परत खुंटीला लावला, नीट, जिथल्या तिथे, आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला. त्यानंतर कित्येक महिने तो बायकोशी बोलला नाही.

चैत्रात मळा मोकळा झाला. पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग लागले, लढाई संपत आली म्हणून कापूस उतरतोय अशी बोलणी सुरू झाली, आणि पार्बताबाई वांग्याचं रोप कुठे मिळेल याची चौकशी करू लागली. वच्छला पुन्हा लिंबाखाली वेगळी बसली होती. तिचा दुसरा दिवस होता. जयवंता लांबूनच तिच्या ताटात भाकरी ठेवून गेली होती. दोघींत बोलणं कामापुरतंच होतं.

गोवर्धन फाटकातून आत शिरला आणि घराकडे पळत सुटला. बाळ्या त्याने काढून टाकल्या होत्या. कोणी काही केलं तरी घालू देत नव्हता. विहिरीपाशी तो थांबला. गुडघे पोटाशी घेऊन उकिडवा बसला. त्याला दम लागलेला नव्हता. अंगणात दुसरं कोणीही नव्हतं, आणि लिंबाखाली काकू बसली आहे हे त्याच्या ध्यानीही नव्हतं. शेजारी एका पोराएवढी जागा सोडून तो बसला होता आणि समोर बघत होता.

वच्छलाने हे कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे शंभरदा पाहिलं होतं. पण तेव्हा ती दुसरंच काही पाहत होती.

बराच वेळ झाला. पोरगं उठेना. ऊन चढत होतं आणि ते हाकेची वाट बघत होतं. जाऊन त्याला जवळ घ्यावं तर आज त्याला शिवायची सोय नव्हती.

“चाल, गोर्धन,” वच्छला लिंबाखालून म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. मग तो उठला आणि घराकडे पळाला.